पूर्वजांचें गांव



एकोणिसाव्या शतकांत लाखों जर्मन लोक अमेरिकेंत जाऊन स्थायिक झाले. त्यांचे वंशज आज पूर्वजांचा माग काढूं लागले म्हणजे गांवाच्या नांवापाशींच अडतात. नागरिकत्वाच्या कागदावर बहुधा ‘प्रशिया’ एवढेंच असतें. म्युलरचा मिलर झालेला असतो. हॅम्बर्ग बंदरांतील १८५० ते १९३४ पर्यंतच्या उतारूंच्या याद्यांत पुष्कळदा गांव सांपडतें. ब्रेमेनच्या १८७५ ते १९०८ पर्यंतच्या याद्या मात्र जागेच्या अभावीं नष्ट करण्यांत आल्या.

गांव कळलें कीं देवळांतील वह्या बोलूं लागतात. सर्व जर्मनींत सरकारी जन्मनोंद १८७६ पासूनची. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा दिली ती १५६३ मधली. बाप्तिस्म्याच्या लॅटिन ओळींत विल्हेल्मचा ‘ग्विलिएल्मुस’ झालेला दिसेल. पण शेजारीं आईबाप व धर्ममातापिता यांचीं नांवें असल्यामुळें ओळख पटते.

म्हणून या महोत्सवप्रसंगीं आमची एवढीच विनंती कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं नांव, गांव व आईचें माहेर नीट सांगावें. आम्ही तें सुवाच्य लिहूं. शंभर वर्षांनीं दूरदेशीं कोणी तरी तीच ओळ शोधीत असेल.