आईची ओळख
(महिला मेळाव्यातील भाषण)



बालपणीच आई गेली तर मुलगी मायेला पारखी होते, हे सर्वजण जाणतात. परंतु ती आणखीही काही गमावते. आपण जिच्या पोटी आलो ती काय विचार करीत होती, कशासाठी झगडली, हे तिला कळत नाही. मायेची भरपाई होत नाही. ओळख मात्र करून घेता येते. त्याचे एक उदाहरण मी आपणापुढे ठेवतो.

इंग्लंडात मेरी वुलस्टनक्राफ्ट नावाची विदुषी होऊन गेली. स्त्री जात्या हीन नाही, शिक्षण नाकारल्यामुळे ती हीन दिसते, असे तिने १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांवरील ग्रंथात निक्षून सांगितले. मुलगे व मुली, गरीब व श्रीमंत यांनी सरकारी शाळेत एकत्र शिकावे, अशी तिची मागणी होती. ३० ऑगस्ट १७९७ रोजी तिला मुलगी झाली. वार पडली नाही म्हणून वैद्याने ती हाताने काढली आणि अवघ्या ११ दिवसांनी सूतिकाज्वराने तिचा अंत झाला. वैद्यांनी हात धुतले तर बाळंतिणी वाचतात, हे झेमेलवाइसने व्हिएन्नात दाखवून दिले ते १८४७ साली!

मुलीचे नावही मेरीच ठेवले. पित्याने, विल्यम गॉडविनने, १७९८ साली पत्नीचे चरित्र काहीही न लपविता प्रसिद्ध केले. विरोधकांनी त्यातील खाजगी गोष्टी उचलून तिच्या विचारांचीच निंदा आरंभली. त्यामुळे मुलीपुढे दोन माता उभ्या राहिल्या : एक लोकनिंदेतील, दुसरी स्वतःच्या ग्रंथांतील. मुलीने ग्रंथांतील माता निवडली. लंडनच्या सेंट पँक्रस स्मशानभूमीत आईच्या थडग्यापाशी बसून ती आईचे ग्रंथ वाची. १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रँकेन्स्टाइन'मुळे हीच मेरी शेली पुढे जगप्रसिद्ध झाली. त्या कादंबरीतील जीवाला आई नाही आणि निर्माताही त्याला टाकून देतो. १८५१ साली मेरी शेली वारली, तेव्हा तिच्या मुलाने व सुनेने आजीचे अवशेष लंडनहून बोर्नमथला आणविले. जिवंतपणी ११ दिवसांचाच सहवास लाभलेल्या मायलेकी तेथे एकत्र विसावल्या आहेत.

कोणी म्हणेल, तिच्या आईने ग्रंथ लिहिले. आमच्या आयांना अक्षरही शिकू दिले नाही, त्यांना कोठे शोधावे? प्रश्न रास्त आहे. मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांनी आपल्या कार्याने त्याचे उत्तर दिले आहे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत वावरलेल्या स्त्रियांच्या आठवणी त्यांनी गोळा केल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध झाला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेला हजारो स्त्रिया जमल्या होत्या. त्यांतील कित्येकींना सही करता येत नसेल. म्हणून काय त्यांना मत नव्हते?

तेव्हा भगिनींनो, आई गेली असेल तर मावशीकडे जा, आत्याकडे जा, जुन्या शेजारणीकडे जा. आई दिसायला कशी होती एवढेच विचारून थांबू नका. तिने कोणते काम नाकारले, कोणत्या सभेला गेली, कोणाशी भांडून तुम्हांस शाळेत घातले, हे विचारा. कोणी तिला नावे ठेवीत असेल तर तिची बाजू सांगणारे माणूसही शोधा. ऐकलेले त्याच दिवशी नाव-गाव-सालासह वहीत उतरवा. सांगणारी माणसे थकली आहेत. हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही.

जय भीम!