धानाचा भाव आणि निर्यातीचे दरवाजे

(कोराडी, जिल्हा नागपूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पेंचच्या ज्या पाण्याचा आधार कोराडीच्या वीज केंद्राला मिळाला, त्याच पेंचच्या कालव्यांवर पारशिवनी, रामटेक, मौदा आणि कामठी या तालुक्यांतील धानाची शेती उभी आहे. पूर्वेला गेले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा मोठा पट्टा लागतो. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. या भागातील बहुसंख्य शेतकऱ्यांनी बंदर पाहिलेले नसते, आणि आपला तांदूळ कोणत्या देशात शिजतो याची त्यांना कल्पना असण्याचे कारणही नाही. तथापि बंदरावर आकारल्या जाणाऱ्या शुल्काचा हिशेब अखेर त्यांच्याच खळ्यावर येऊन पोहोचतो. तो कसा, हे पंचायतीच्या पातळीवर समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

अलीकडच्या घटना क्रमाने पाहाव्या. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली आणि बासमती व उकडा वगळता इतर तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क बसविले. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद करण्यात आली. ऑगस्टच्या अखेरीस उकड्या तांदळावरही २० टक्के शुल्क आले. या काळात विदर्भात नुकतीच रोवणी आटोपलेली होती. पीक शेतात उभे असताना त्याच्या बाजारपेठेचे नियम बदलले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस पांढऱ्या तांदळाला टनामागे ४९० डॉलर या किमान दराच्या अटीवर परवानगी मिळाली व उकड्यावरील शुल्क १० टक्क्यांवर आले; ऑक्टोबरमध्ये ती अट आणि ते शुल्क दोन्ही गेले. कणीवरील बंदी मात्र मार्च २०२५ मध्ये उठली. बासमतीसह देशाची एकूण तांदूळ निर्यात २०२२-२३ मध्ये सुमारे २ कोटी २० लाख टन होती. ती २०२३-२४ मध्ये सुमारे १ कोटी ६० लाख टनांवर आली.

या शुल्काचा अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परदेशी ग्राहक एका क्विंटल उकड्या तांदळास बंदरावर ३,६०० रुपये देण्यास तयार आहे असे समजू. २० टक्के शुल्क असल्यास त्यातील ६०० रुपये शासनाच्या तिजोरीत जातात आणि व्यापाऱ्याच्या हाती ३,००० रुपये राहतात. वाहतूक, भरडाई, पोती, हमाली हे खर्च काही कमी होत नाहीत. एका क्विंटल धानापासून सुमारे ६८ किलो उकडा तांदूळ मिळतो हे गृहीत धरले, तर तांदळावरील ६०० रुपयांचा भार धानाच्या क्विंटलवर सुमारे ४०० रुपये पडतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. साधारण धानाची किमान आधारभूत किंमत २०२२-२३ मध्ये २,०४० रुपये होती, ती २०२३-२४ मध्ये २,१८३ रुपये झाली. वाढ १४३ रुपयांची. एका हाताने १४३ रुपये आले, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या दुपटीहून अधिक जाण्याचा संभव निर्माण झाला.

संभव म्हणण्याचे कारण असे की, हा सारा भार शेतकऱ्यावरच पडतो असे नाही. जगातील तांदळाच्या व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. एवढा मोठा विक्रेता आखडता हात घेतो तेव्हा जागतिक भाव चढतात आणि शुल्काचा काही भाग परदेशी ग्राहकाला सोसावा लागतो. २०२३ मध्ये तसे घडलेही. जागतिक भाव सुमारे १५ वर्षांतील उच्चांकाला गेले. पण निर्यात सर्वस्वी बंद असेल, तर त्या चढ्या भावाचा उपयोग येथील उत्पादकाला होत नाही. तो लाभ थायलंड आणि व्हिएतनामच्या शेतकऱ्याकडे जातो.

शासनाची बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. २०२३ चा ऑगस्ट महिना शंभराहून अधिक वर्षांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ८० कोटींहून अधिक लोकांना जानेवारी २०२३ पासून मोफत धान्य देण्याची जबाबदारी केंद्राने घेतलेली होती. कोराडीसारख्या ठिकाणी, जेथे वीज केंद्रातील कामगार आणि आसपासचा शेतकरी एकाच बाजारात येतात, तेथे हे द्वंद्व उघड दिसते: एकाला तांदूळ स्वस्त हवा, दुसऱ्याला धान महाग. यांत कोणाची मागणी गैर नाही. आक्षेप असलाच तर तो निर्णयाच्या आकस्मिकतेवर घेता येईल. रोवणीपूर्वी जाहीर झालेले धोरण आणि रोवणीनंतर आलेली बंदी यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

येथे साहजिकच प्रश्न निघतो: जागतिक व्यापार संघटनेचे करार अशा निर्णयांना आडवे येत नाहीत काय? उत्तर काहीसे विचित्र आहे. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या कृषी कराराने आयात शुल्कावर कमाल मर्यादा घातल्या. निर्यात शुल्कावर मात्र बहुतेक सदस्य देशांच्या बाबतीत अशी मर्यादा नाही. निर्यातीवर संख्यात्मक बंधने घालण्यास जुन्या व्यापार कराराचा सर्वसाधारण निषेध आहे. परंतु अन्नधान्याच्या गंभीर टंचाईच्या निवारणार्थ तात्पुरत्या बंदीची मुभा त्याच कलमात आहे. म्हणजे परकीय शेतकऱ्याच्या मालाला देशात किती अडवावे याचे नियम तपशीलवार आहेत, स्वतःच्या शेतकऱ्याचा माल बाहेर जाण्यास किती अडवावे याचे नियम सैल आहेत.

दुसरीकडे हाच करार आधारभूत किमतीच्या खरेदीकडे बारकाईने पाहतो. विकसनशील देशाने एखाद्या पिकाला द्यावयाचे साहाय्य त्या पिकाच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांच्या आत असावे असा दंडक आहे, आणि हे साहाय्य मोजताना १९८६ ते १९८८ या वर्षांचे जुने जागतिक भाव आधाराला घेतले जातात. तीन तपांपूर्वीच्या भावाशी आजची किंमत ताडून पाहणे ही पद्धत न्याय्य म्हणता येणार नाही. भारताने २०१८-१९ या वर्षासाठी तांदळाच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडल्याचे २०२० मध्ये कळविले आणि बाली येथे डिसेंबर २०१३ मध्ये मिळालेल्या संरक्षक तरतुदीचा आधार घेतला. त्या तरतुदीची एक अट अशी की, शासकीय साठ्यामुळे जागतिक व्यापारात विकृती येता कामा नये. पणन महासंघ व आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर शासनासाठी खरेदी होणारे धान आणि परदेशी जाणारा तांदूळ यांचे हिशेब निराळे ठेवावे लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

परदेशांची शुल्के या भागातील जाड्या तांदळाला कोठे भिडतात? अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क नेले तेव्हा वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. परंतु तिकडे जाणारा तांदूळ मुख्यतः बासमती असतो. जाड्या व उकड्या तांदळाचे मोठे ग्राहक पश्चिम आफ्रिकेत आहेत. त्यांत बेनिन हा छोटासा देश अग्रभागी दिसतो, आणि याचे रहस्य शुल्कातच आहे. शेजारच्या नायजेरियाने तांदळावर जबर आयात शुल्क ठेवलेले असल्याने बेनिनच्या बंदरात उतरलेला पुष्कळसा माल सीमेपलीकडे जातो. नायजेरियाने ऑगस्ट २०१९ मध्ये आपली सीमा बंद केली तेव्हा या मार्गालाच अडसर बसला.

केवळ धानाकडे पाहून चालणार नाही. विदर्भात कपाशीबरोबर आणि बांधावर तूर असतेच, आणि तुरीचा अनुभव अधिक कडू आहे. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर आयातीचा करार झाला. त्याच हंगामात देशात तुरीचे विक्रमी पीक आले. आधारभूत किंमत बोनससह ५,०५० रुपये होती, बाजारात भाव तिच्या खाली गेले आणि २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या रांगा लागल्या. आयातीवर मार्च २०१७ च्या अखेरपर्यंत शुल्क नव्हते, तर तुरीच्या निर्यातीवर २००६ मध्ये घातलेली बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठली. एवंच, पीक घरात येत असताना आत येण्याचा दरवाजा उघडा आणि बाहेर जाण्याचा बंद, अशी स्थिती होती. टंचाईच्या वर्षी केलेला करार सुबत्तेच्या वर्षी अंगावर येतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण.

अधिसूचना दिल्लीत निघतात. पंचायतीला त्या बदलता येणार नाहीत. पण त्यांचा फटका कोणाला किती बसतो, हे बऱ्याच अंशी गावातल्या तयारीवर अवलंबून असते. निर्यात बंद असताना आधारभूत केंद्र हाच खरा आधार राहतो, आणि तेथे विक्री करावयाची तर सातबारावर पिकाची नोंद लागते. ई-पीक पाहणी वेळेत न झाल्याने कित्येकांना केंद्र असूनही धान खाजगी व्यापाऱ्याला द्यावे लागते. कोकणातला ‘भात’ तो विदर्भातला ‘धान’. शासकीय कागदांत दोन्ही शब्द येतात, एवढ्यावरूनही अडचण होऊ नये म्हणून शाळेतील शिक्षकांनी मदत केल्यास ते उपकारक होईल.

तारणाची सोयही वापरात यावी. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एकापाठोपाठ एक निर्बंध उठले, तेव्हा ज्याच्याजवळ माल शिल्लक होता त्यालाच वाट पाहण्याची मुभा होती. कर्जाच्या हप्त्यासाठी काढणीबरोबर विकणाऱ्याला ती नसते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत २,३६९ रुपये आणि ‘अ’ प्रतीच्या धानाची २,३८९ रुपये ठरली. ग्रामपंचायतीच्या फलकावर दर हंगामात असा भाव, खरेदी केंद्राचे ठिकाण, नोंदणीची अखेरची तारीख आणि निर्यातीबाबतची ताजी स्थिती या चार गोष्टी रोवणीच्या आधी लिहिल्या जाव्यात, आणि काढणीच्या आधी पुन्हा तपासल्या जाव्यात.