धर्मत्याग, वैद्यकी आणि पंडिता रमाबाई



धर्म सोडून गेलेल्या माणसाने जुन्या धर्माच्या एखाद्या नियमावर बोट ठेवले, की आपल्याकडे ते बोट कोणाचे याचीच चौकशी सुरू होते आणि नियम तसाच सुखरूप राहतो. पंडिता रमाबाईंच्या वाट्याला हेच आले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर हिंदू स्त्रीच्या दुःखाविषयी त्यांनी जे जे लिहिले, ते पुण्यातील सनातन्यांच्या लेखी मिशनऱ्यांनी लिहवून घेतलेले ठरले. म्हणूनच एका गोष्टीचे साल नीट ध्यानात ठेवले पाहिजे.

१८८२ मध्ये हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे रमाबाईंनी पुण्यात मराठीतून साक्ष दिली. त्या वेळी त्या हिंदू होत्या. शास्त्रार्थ जाणणाऱ्या विदुषी म्हणून त्यांचा लौकिक होता आणि आर्य महिला समाजाची स्थापना त्यांनी याच वर्षी केली. आयोग शिक्षणाचा, पण रमाबाईंनी त्याच्यापुढे वैद्यकीचाही प्रश्न मांडला. या देशातील स्त्री आपले दुखणे परपुरुषाला सांगत नाही, डॉक्टर तर सारे पुरुष, आणि त्यामुळे असंख्य स्त्रिया अकाली मरतात; तेव्हा स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळालेच पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. धर्मांतराला अजून वर्षभराचा अवकाश होता. अर्थात ही टीका बाप्तिस्म्यातून जन्मलेली नव्हती.

ज्या नियमाविरुद्ध त्या बोलत होत्या त्याचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. रोग्याने औषध घेऊ नये, असे हिंदू शास्त्राने कोठे सांगितलेले नाही. उलट आपद्धर्माच्या नावाने बरीच सूट दिलेली आहे. परंतु ही सूट घेण्याचा निर्णय घरातील पुरुषाच्या हाती होता. स्त्रीच्या बाबतीत पडदा, सोवळे, विटाळ आणि लोकलज्जा यांची अशी वीण बसलेली होती की, कोणी मनाई न करताही मनाई अमलात येत असे. बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, सोयराच्या दिवसांत कोणी शिवायचे नाही, आणि शिवेल ती अशिक्षित सुईण. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे गरज अफाट होती, पण तिला मागणीचे रूपच येत नव्हते. स्त्री-डॉक्टर निर्माण व्हावी तर मुलीने शिकले पाहिजे, आणि तीच रूढी शिक्षणाच्याही आड उभी. मागणी आणि पुरवठा या दोहोंचा गळा एकाच हाताने आवळला होता. (पुढे १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल याच पुण्यात मोठा गदारोळ झाला. चहा पिणाऱ्या पुरुषांना प्रायश्चित्ताची वाट तरी मोकळी होती.)

या कोंडीची किंमत आनंदीबाई जोशी यांनी मोजली. चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा दहा दिवसांत गेला, आणि स्वतः डॉक्टर होण्याचा विचार त्यातून बळावला. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयातील भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर केले आणि ते शब्दशः पाळले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली, तेव्हा रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून तेथे गेल्या होत्या. रमाबाईंचाही इंग्लंडला जाण्याचा मूळ हेतू वैद्यक शिकण्याचा होता. बहिरेपणामुळे तो मनातच राहिला. एक धर्मात राहिली, दुसरी बाहेर पडली. दोघींना दिसलेला रोग मात्र एकच होता. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणुकीवर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाईंचा पुण्यात क्षयाने अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक निघाले.

रमाबाईंचे टीकाकार यावर म्हणतील : ठीक आहे, पण धर्मांतरानंतर त्यांची लेखणी एकाच दिशेला वळली. या आक्षेपाचे उत्तर १८९७ च्या प्लेगने दिले आहे. रँडच्या अधिपत्याखाली पुण्यात घरांच्या झडत्या चालल्या होत्या, रोग्यांना जबरीने हलविले जात होते. लोकांचा सरकारी इस्पितळावर विश्वास नव्हता. टिळकांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय चालविले ते त्यामुळेच. राज्यकर्ते रमाबाईंच्या नव्या धर्माचे. तरीही सरकारी प्लेग इस्पितळातील स्त्रियांची आबाळ आणि असुरक्षितता यांविरुद्ध त्यांनी उघड तक्रार केली, आणि तीही ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती वृत्तपत्रातून. गव्हर्नरांच्या सरकारने आरोप नाकारले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. १८८२ मध्ये जो प्रश्न त्यांनी रूढीला विचारला होता, तोच आता सत्तेला विचारला : आजारी स्त्रीचे शरीर कोणाच्या हाती सोपवायचे, आणि त्यात तिला स्वतःला काही बोलता येणार की नाही? शारदा सदनातून मुली काढून घेणाऱ्या पालकांना आणि त्यांना तसे करावयास लावणाऱ्या वृत्तपत्रांना ही रमाबाई दिसली नाही. खेदाची गोष्ट ही की, पुरोगामी म्हणविणाऱ्यांनाही ती फारशी दिसली नाही. धर्मांतरित म्हणून त्यांना आपल्या परंपरेबाहेर ठेवणे सोयीचे वाटले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुण्यातील हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे त्याने गुन्हा ठरविले. कायदा आवश्यकच होता. परंतु तो मांत्रिकाला पकडू शकतो. सुनेला दवाखान्यात ‘पुढच्या आठवड्यात नेऊ’ असे म्हणणाऱ्या घराला तो कसा पकडणार? स्त्रीच्या स्वतःच्या उपचाराचा निर्णय घरात कोण घेते, हा प्रश्न राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या प्रश्नावलीत आजही घालावा लागतो. कार्यकर्ते वस्त्यांमधून आरोग्य शिबिरे भरवतात, किती रोगी तपासले याचा अहवालही देतात. त्या अहवालात एक रकाना वाढवावा : शिबिराला कोणत्या घरांतील बायका आल्या नाहीत, आणि त्यांना कोणी येऊ दिले नाही.