दोराचे दुसरे टोक कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बंद टाकीत किंवा गटारात उतरण्याचे परमिट हा सुरक्षा अधिकाऱ्याचा विषय. पक्षाच्या अभ्यासवर्गात तो कशाला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. परंतु कामगाराने कोणत्या हवेत श्वास घ्यावा हे ज्या व्यवस्थेत दुसराच कोणी ठरवतो, त्या व्यवस्थेचा विचार आपण करायचा नाही, तर कोणी करायचा?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. तो 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची समजतात; फारच कमी झाला, तर माणूस हाक मारण्यापूर्वीच कोसळतो. त्यासाठी विषारी वायूच हवा असेही नाही. दीर्घकाळ बंद राहिलेल्या लोखंडी टाकीत नुसता गंजही प्राणवायू शोषून घेतो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास प्रमाण अल्प असताना येतो. दहा लाख भागांत 100 भागांच्या आसपास ते गेले, की घ्राणेंद्रियच बधिर होते. म्हणजे वास नाहीसा झाला, तेव्हा धोका वाढलेला असू शकतो. येथे तोंडाला बांधलेला रुमाल कामाला येत नाही आणि वीस वर्षांचा अनुभवही येत नाही. मोजमाप करावेच लागते.

1948 च्या कारखाना कायद्याच्या 36 व्या कलमाने यासाठी स्पष्ट सूत्र घालून दिले. बाहेर पडण्यास पुरेशी वाट हवी. आतला वायू काढून टाकण्याचे आणि नवा आत येऊ न देण्याचे शक्य ते सर्व उपाय झालेले हवेत. त्यानंतर जाणकार व्यक्तीने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यावा. अन्यथा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र व पट्टा लावावा आणि पट्ट्याच्या दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाने धरावे. चांगल्या परमिटावर उतरणाऱ्याचे नाव, कामाची वेळ व मुदत, वर, मध्ये आणि तळाशी घेतलेली वायूची मापे, बंद करून कुलूप लावलेले व्हॉल्व्ह आणि बाहेर थांबणाऱ्याचे नाव, एवढे असतेच. मुदत संपली की परमिट संपले.

कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र हे सूत्र विरून जाते. संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी केली आणि त्यासाठी कैदेची तरतूद केली. त्याखालील नियमांनी ठराविक अपवाद सांगितले. त्यापलीकडे माणूस उतरवणे अगदीच अपरिहार्य असेल, तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवून परवानगी द्यावी, असे म्हटले. प्रत्यक्षात पुष्कळदा मुकादमाचा तोंडी शब्द हीच परवानगी असते. उतरणारा कंत्राटी असतो, आणि जातिव्यवस्थेने हे काम ज्यांच्या माथी मारले त्यांच्यापैकीच तो बहुधा असतो. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली 10 लाख रुपये भरपाई ठरवली. 2023 साली ती 30 लाख केली. न्यायालयाने आपले काम केले. पण भरपाई मृत्यूनंतर मिळते. दाखला त्यापूर्वी हवा असतो.

आणखी एक दुःखद गोष्ट. बंदिस्त जागांतील मृतांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक इतरांना वाचवायला गेलेले होते, असे अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने 1986 साली नमूद केले. सोबती पडलेला पाहून दुसरा उडी घेतो, त्याच्यामागे तिसरा. ही बंधुभावना आपल्या चळवळीचा प्राण आहे. तिला श्वसनयंत्राची, दोराची आणि शिकवणुकीची जोड न देणाऱ्यांनी तिच्या बळींचे पोवाडे गाऊ नयेत.

काही साथी म्हणतात, परमिट म्हणजे कचेरीत बसून आधीच सह्या केलेला कागद. अपघात झाला की मालक तो पुढे करतो. ही तक्रार खरी आहे. परंतु कागद खोटा होतो म्हणून तो टाकून देणे हा उपाय नव्हे. तो खरा करण्याची ताकद कामगारांच्या हाती आली पाहिजे. म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. परमिट कामगाराला समजणाऱ्या भाषेत असावे आणि कामाच्या जागीच त्याला वाचून दाखवावे. मापे त्याच्यासमोर घ्यावीत. त्यावर कंत्राटदाराबरोबर मूळ मालकाच्या किंवा नगरपालिकेच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. संघटनेच्या प्रतिनिधीला ते पाहता यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, दाखल्यावाचून उतरण्यास नकार देणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडू नये. नकाराचा हक्क नसेल, तर परवान्याला अर्थ उरत नाही.

साथींनो, दोराचे एक टोक उतरणाऱ्याच्या कमरेला असते. दुसरे धरण्यास बाहेर कोणी तरी उभे असले पाहिजे, असे कायद्यानेच सांगितले. ज्या कंत्राटी कामगाराला आज संघटना नाही, त्याच्या मॅनहोलपाशी आपल्यापैकी कोणीही उभे नसते. आपल्या गावात गटारे आणि टाक्या कोण साफ करतो, त्याला कोण उतरवतो आणि लेखी परवानगी कोण देतो, याची विचारपूस प्रत्येक शाखेने परत गेल्यावर करावी, एवढीच माझी विनंती आहे.