चाळिशीनंतरचीं अनोळखी दुखणीं



स्त्रियांच्या आयुष्यांतील ज्या काळाविषयीं मी आज बोलणार आहें, त्याविषयीं एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, हें कित्येकांना विचित्र वाटेल. मी वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं; माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तरीहि हें धाडस करतों, याचें कारण एवढेंच कीं, या विषयांतील माझें अज्ञान माझ्या घराला महाग पडलें. ज्या चुकीची किंमत आपण मोजली, ती शेजाऱ्यानें पुन्हां करूं नये असें वाटणें स्वाभाविक आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वींची गोष्ट. माझी पत्नी तेव्हां पंचेचाळीस वर्षांची होती. घरचा हिशेब, सणवार, नातेवाइकांचीं नांवें, सारें तिच्या जिभेवर असे. त्या वर्षीं मात्र ती विसरूं लागली. दूध ऊतूं जाई. किल्ली फ्रिजवर ठेवून ती घरभर शोधी. बोलतां बोलतां एखादा साधा शब्द अडे आणि ती गप्प होई. रात्रीं दोन-अडीचला जागी होऊन छातीवर हात ठेवून बसे. "अहो, काळीज धडधडतंय," म्हणे. सकाळीं उजवा खांदा वर होत नसे. जीभ पोळल्यासारखी होऊन आमटीचा घांस नकोसा होई. क्षुल्लक कारणावरून ती चिडे आणि मग स्वतःच रडे. माझें आयुष्य मुलांच्या चुका काढण्यांत गेलेलें. घरींहि मीं तेंच केलें. "तुझें लक्ष कोठें असतें?" हा प्रश्न मीं तिला त्या वर्षीं किती वेळां विचारला असेल, याची मोजदाद नाहीं.

हृदयाच्या डॉक्टरांनीं आलेख काढला व हृदय ठीक असल्याचें सांगितलें. हाडांच्या डॉक्टरांनीं खांद्यासाठीं गोळ्या दिल्या. दांतांच्या डॉक्टरांनीं टूथपेस्ट बदलावयास सांगितली. एकानें "तुम्ही मनाला फार लावून घेतां" असें म्हणून झोंपेचें औषध लिहून दिलें. त्या चौघांपैकीं एकानेंहि तिला पाळी नियमित येते कां, हें विचारलें नाहीं. घरांत राहणारा पांचवा मी; मींहि विचारलें नाहीं.

एके दिवशीं किराण्याची वही चाळतांना शेवटच्या पानांवर तिच्या अक्षरांतली एक यादी दिसली. गोड्या मसाल्याचें प्रमाण, नणंदेच्या मुलांचीं नांवें, गल्लींतल्या शेजारणींचीं नांवें, आणि खालीं तारीख. माझ्या आईला अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंश झाला होता व तिची सेवा हिनेंच केली होती. आपलेंहि तेंच होणार असें मनांत धरून ती कोणालाहि न सांगतां शब्द सांठवून ठेवीत होती. ती यादी वाचून मला माझी लाज वाटली. दुसऱ्याच दिवशीं आम्ही एका अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलों. त्यांनीं पहिलाच प्रश्न पाळीचा विचारला. सारें ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "हीं पांच निरनिराळीं दुखणीं नसावींत. बहुधा एकाच झाडाच्या या फांद्या आहेत." त्या झाडाची ओळख आज करून द्यावयाची आहे.

शेवटची पाळी येऊन सलग बारा महिने पुन्हां आली नाहीं, म्हणजे रजोनिवृत्ति झाली असें वैद्यकशास्त्र मानतें. सुश्रुतसंहितेंत आर्तवाचा काल बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. आज युरोप-अमेरिकेंत ही वेळ सरासरीनें ५१ व्या वर्षाच्या सुमारास येते. भारतीय स्त्रियांत ती ४६-४७ च्या सुमारास येते. परंतु रजोनिवृत्ति हें एका प्रवासाचें शेवटचें स्थानक होय. त्यापूर्वींचा संक्रमणकाळ सामान्यतः चार वर्षांचा असतो व कित्येकींच्या बाबतींत तो याहून पुष्कळ लांबतो. म्हणजे आपल्याकडे चाळिशी ओलांडतांच तो सुरू होऊं शकतो. या काळाच्या पायऱ्या २००१ सालीं अमेरिकेंतील युटा राज्यांत भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेंत ठरविण्यांत आल्या. लागोपाठच्या पाळ्यांचें अंतर सात वा अधिक दिवसांनीं कमीजास्त होऊं लागलें कीं पहिली पायरी. दोन पाळ्यांमध्यें साठ वा अधिक दिवस जाऊं लागले कीं दुसरी.

शरीरांत या वेळीं काय घडतें? मुलगी जन्मते तेव्हां तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजपुटकें असतात. ती वयांत येते तेव्हां तीन-चार लाख उरतात, आणि रजोनिवृत्तीच्या वेळीं जेमतेम हजाराच्या आसपास. हीं पुटकें इस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव तयार करतात. या गटांतील पहिलें द्रव्य १९२९ सालीं अमेरिकेंत डॉयझी यांनीं व जर्मनींत बुटेनांट यांनीं वेगळें काढलें. पुष्कळांची समजूत अशी कीं, चाळिशीनंतर हा स्राव हळूहळू आटत जातो. प्रत्यक्षांत संक्रमणकाळांत तो वरखालीं होतो. कधीं पूर्वीपेक्षां जास्त, कधीं अगदीं कमी. दर महिन्यास बीज सुटेनासें झाल्यामुळें प्रोजेस्टेरॉन हा दुसरा स्राव घटतो. विजेचा दाब असा खालींवर झाला म्हणजे घरांतला एक दिवा तेवढाच मिणमिणत नाहीं. पंखा, फ्रिज, पंप, सारींच यंत्रें बिघडतात. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मेंदूंत, रक्तवाहिन्यांत, सांध्यांत, त्वचेंत, तोंडाच्या अस्तरांत व मूत्राशयांतहि असतात. तक्रारी अंगभर विखुरलेल्या कां असतात, याचें उत्तर येथें आहे.

अंगाची एकाएकीं होणारी काहिली व घाम हें लक्षण आतां बहुतेकांना ठाऊक असतें. पण सर्व देशांतील स्त्रियांना तेंच प्रमुख वाटतें असें नाहीं. मार्गारेट लॉक या विदुषींनीं जपानी स्त्रियांचा अभ्यास करून १९९३ सालीं ग्रंथ लिहिला. त्यांत त्या स्त्रियांनीं काहिलीपेक्षां खांदे आंखडण्याची तक्रार अधिक केल्याचें दिसलें. आपल्याकडच्याहि अनेक पाहण्यांत सांधेदुखी व थकवा हीं लक्षणें वरच्या क्रमांकावर आहेत. तेव्हां 'मला घाम येत नाहीं, अर्थी माझें दुखणें निराळें' असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल.

आतां कमी परिचित लक्षणांकडे वळूं.

पहिलें विसराळूपण. अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत तीन हजारांहून अधिक स्त्रियांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. तींत असें आढळलें कीं, संक्रमणकाळांत नवें शिकण्याचा वेग कांहींसा मंदावतो व पुढें तो पुन्हां सुधारतो. बहुतेक स्त्रियांच्या बाबतींत ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात नसते. हें एक वाक्य माझ्या पत्नीला वेळेवर कळलें असतें, तर तिच्या कित्येक रात्री सुखाच्या गेल्या असत्या. कामांची यादी करावी, एका वेळीं एकच काम हातीं घ्यावें, आणि मुख्य म्हणजे झोंप सांभाळावी. तुटक झोंपेनें स्मृति अधिकच अडखळते.

दुसरें छातींतील धडधड. ती या काळांत पुष्कळींना होते. तरी एकदां हृदयाचा आलेख काढावा आणि थायरॉईड व हिमोग्लोबिन तपासून घ्यावें, कारण त्यांच्या दोषानेंहि धडधड होते. चहा-कॉफी कमी केल्यानें कित्येकींना आराम पडतो. धडधडीबरोबर छातींत दुखणें, धाप लागणें किंवा घेरी येणें असेल, तर मात्र 'वय झालें' म्हणून थांबूं नये. ताबडतोब रुग्णालय गांठावें.

तिसरें सांधे व खांदा. जखडलेला खांदा हा विकार चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. दुखतो म्हणून हात गळ्यांत बांधून ठेवणें घातक आहे. तज्ज्ञाकडून व्यायाम शिकून तो रोज थोडा थोडा करावा. चालण्याबरोबर वजन उचलण्याचे हलके व्यायामहि करावेत. त्यांनीं स्नायू टिकतात आणि हाडांची झीज मंदावते. आहारांत दूध, दही, नाचणी, तीळ व डाळी यांचें प्रमाण वाढवावें.

चौथें तोंडाची आग. जीभ पोळल्यासारखी होणें, तोंड कोरडें पडणें, तोंडास धातूसारखी चव येणें, हें सारें या काळांत होऊं शकतें. परंतु ब-१२ जीवनसत्त्व वा लोह कमी असणें, मधुमेह, तोंडांतील बुरशी यांनींहि आग होते. म्हणून आधीं तीं कारणें तपासावींत. शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव सर्रास असते, हें विसरूं नये. तिखट व फार गरम पदार्थ कांहीं दिवस दूर ठेवावेत.

यांखेरीज कातडी कोरडी पडून खाज सुटणें, अंगावर मुंग्या चालल्याचा भास, डोळ्यांत वाळू गेल्यासारखें वाटणें, कानांत गुणगुण, अर्धशिशी बळावणें, लघवीची घाई व पुन्हां पुन्हां होणारी जळजळ, अशीं लक्षणें कमीअधिक प्रमाणांत दिसतात. लघवीच्या व योनिमार्गाच्या कोरडेपणाच्या तक्रारींवर स्थानिक इस्ट्रोजेनचें मलम चांगलें उपयोगी पडतें. संकोचामुळें स्त्रिया तें मागत नाहींत, एवढेंच.

शेवटचें, आणि घर मोडणारें लक्षण म्हणजे मनाचें. अकारण चिंता, एकाएकीं उसळणारा संताप, सकाळीं उठावेंसेंच न वाटणें. हा स्वभावाचा दोष समजून घरचीं माणसें उत्तरास प्रत्युत्तर देतात आणि आग वाढते. पूर्वीं कधींहि नैराश्य न आलेल्या स्त्रीलाहि या काळांत त्याचा धोका वाढतो. विशिष्ट पद्धतीचा मानसोपचार यावर गुणकारी ठरला आहे. जगणें नकोसें वाटत असल्याचें तिच्या तोंडून निघालें, तर तें बोलणें थट्टेवारी नेऊं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांची भेट घ्यावी.

अंतःस्रावाच्या औषधांविषयीं दोन शब्द. २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगाचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग मुदतीपूर्वीं थांबविण्यांत आला. स्तनांच्या कर्करोगाचें प्रमाण वाढलेलें आढळलें होतें. जगभर भीति पसरली. पुढील विश्लेषणांत असें स्पष्ट झालें कीं, त्या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, आणि साठीच्या आंत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आंत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रियांत फायदा सामान्यतः धोक्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा विकार झालेल्यांची गोष्ट वेगळी. हा निर्णय डॉक्टर व ती स्त्री यांनीं मिळून घ्यावयाचा आहे. शेजारणीच्या अनुभवावरून किंवा जाहिरातींतल्या चूर्णावरून नव्हे.

दोन सावधगिरीच्या सूचना. बारा महिने पाळी बंद राहून पुन्हां रक्तस्राव झाला, मग तो एक डाग कां असेना, तर तपासणी केलीच पाहिजे. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती खूण असूं शकते. तसेंच पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता संपली, असें समजूं नये.

अंगावरून फार जातें म्हणून 'पिशवी काढून टाका' असा सल्ला आपल्याकडे फार लौकर दिला जातो. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची २०१९ सालीं पाहणी झाली, तेव्हां तेरा हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांत तरुण स्त्रियाहि होत्या. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोश काढले, तर वर्षांनुवर्षें चालणारें संक्रमण एका दिवसांत कोसळतें. शहरांतील सुशिक्षित घरांनींहि अशा शस्त्रक्रियेपूर्वीं औषधांचा वा इतर उपायांचा पर्याय आहे कां, हें विचारून दुसऱ्या डॉक्टरांचें मत घ्यावें.

मग घरच्यांनीं काय करावें? मी मास्तर, मला वहीच सुचते. त्या बाईंच्या सल्ल्यानें आम्हीं एक वही केली. तारीख, पाळी, झोंप, दुखणें व मन असे पांच रकाने. तीन महिन्यांत दिसून आलें कीं, तिचे वाईट दिवस कांहीं अंशीं पाळीच्या आगेंमागें येतात. डॉक्टरांना उपचार ठरविण्यास ती वही उपयोगी पडली. पण तिचा खरा उपयोग मला झाला. चौथा रकाना भरण्यासाठीं मला रोज तिला विचारावें लागे, "आज कसें वाटतें?" आमच्या वीस वर्षांच्या संसारांत हा प्रश्न मीं इतक्या नियमानें कधींच विचारला नव्हता.

खांदा सुटण्यास दीड वर्ष लागलें. जीभ तत्पूर्वींच निवळली. शब्द परत आले. आतां माझ्याच चष्म्याची जागा तीच मला सांगते. किराण्याच्या वहीतील तीं पानें मात्र मीं फाडूं दिलीं नाहींत.

माझ्या भगिनींनों, आपल्या तक्रारी एका कागदावर एकत्र लिहून डॉक्टरांपुढें ठेवा. एकेक तक्रार एकेका दवाखान्यांत वाटून टाकूं नका. आणि बंधूंनों, घरांतल्या चाळिशीच्या स्त्रीला आज विसरल्याबद्दल बोल लावण्यापूर्वीं तिला काल रात्रीं झोंप लागली होती कां, तेवढें विचारा.