हवेचं पासबुक
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, दहा मिनिटं बोला, पर्यावरणावर बोला." आता मी पडलो बँकेतला माणूस. सगळी नोकरी लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवण्यात गेली. म्हणून मी आज हिशेबावरच बोलणार आहे. फक्त हा हिशेब पैशांचा नाही, हवेचा आहे.

पनवेलहून लोकलमध्ये बसलं की तिसरं स्टेशन खारघर. तिथे जानेवारी २०२१ मध्ये 'वातावरण' फाउंडेशन या आपल्या महाराष्ट्रातल्या संस्थेने रस्त्याच्या कडेला एक मोठा फलक उभा केला. त्यावर माणसाच्या फुफ्फुसांची भलीमोठी प्रतिकृती होती. पांढऱ्याशुभ्र फिल्टरच्या कापडाची, मागे पंखे लावलेली, म्हणजे हवा आत ओढली जाईल. साधारण दहा दिवसांत ती पांढरी फुफ्फुसं काळवंडली. कोणी भाषण केलं नाही, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं समजलं.

ही बातमी वाचल्यावर मला कुतूहल वाटलं, की या संस्था नेमकं करतात काय? तेव्हापासून वाचत गेलो. यांचं काम आपल्या बँकेच्या कामासारखंच आहे, असं माझ्या लक्षात आलं.

पहिलं काम नोंदीचं. हवा मोजायची. हवेत 'पीएम २.५' नावाचे कण असतात. आपल्या केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीस पटींनी बारीक. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. आपल्या देशाने त्यांची वर्षाची सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून म्हणते, ५ च्या वर जाऊ नका. आकडा हातात नसेल तर अधिकारी म्हणतो, "तुम्हाला तसं वाटतं." आकडा असला की त्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसरं काम, ती नोंद लोकांना कळेल अशी दाखवायची. खारघरच्या फलकाने हेच केलं. खातेदाराला लेजर समजत नाही, पासबुक समजतं.

तिसरं काम मागणीचं. हवेचा कायदा आपल्याकडे १९८१ पासून आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, महापालिका आहे. त्यांच्याकडे निवेदन द्यायचं, माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, जनसुनावणीला जाऊन बसायचं, आणि नाहीच ऐकलं तर न्यायालय किंवा हरित लवाद. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. मुंबई, पुणे, नागपूर, आपली शेजारची नवी मुंबई, ही शहरं त्यात आहेत. त्यासाठी पैसा येतो. तो किती आला, कशावर खर्च झाला, हे विचारणारं कोणीतरी हवं ना? ऑडिटर नसलेल्या शाखेचं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

आणि चौथं काम, सर्वांत कंटाळवाणं: पाठपुरावा. एकदा पत्र दिलं आणि घरी बसलं, असं चालत नाही. थकीत कर्जाची वसुली जशी दाराशी दहादा जाऊन होते, तसंच हे.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, काका, कारखाने, खाणी, ट्रक, बांधकामं, यांचा धूर आणि धूळ आपण काय थांबवणार? मीही तेच म्हणत होतो.

मागच्या वर्षी थंडीत आमच्या हिला सकाळी फिरून आल्यावर धाप लागू लागली. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, औषध लिहिलं, आणि सहज विचारलं, "घराजवळ सकाळी काही जाळतात का?" मी "नाही" म्हणालो. ही माझ्याकडे बघत राहिली. कारण आपल्या मागच्या भिंतीपाशी रोज सकाळी सातला पालापाचोळा पेटतो, आणि त्यात प्लॅस्टिकही असतं, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

थंडीत सकाळची हवा जड असते. धूर वर जात नाही, जमिनीलगतच रेंगाळतो. आणि नेमकी तीच आपली फिरण्याची वेळ, मुलांची शाळेच्या बसची वेळ.

या स्मरणिकेसाठी जुनी इतिवृत्तं चाळताना मला एक ठराव सापडला. 'कचरा वाहून नेण्याचा खर्च वाचविण्यासाठी बागेतील पालापाचोळा जागेवरच जाळण्यात यावा.' सर्वानुमते मंजूर. खाली सेक्रेटरी म्हणून सही माझी. अक्षरही माझंच. त्या वर्षी शिल्लक वाढली म्हणून सभेत माझं अभिनंदन झालं होतं. आज मला वाटतं, तो खर्च वाचला नव्हता. आपण तो दुसऱ्याच खात्यावर टाकला होता.

माळीकाकांचा यात काही दोष नाही. त्यांनी आपला हुकूम पाळला, आणि सर्वांत जास्त धूर त्यांनीच गिळला.

उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली. त्याच वर्षी हरित लवादाने पाच हजार रुपये दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार. म्हणजे आपण इतकी वर्षं दंडाला पात्र आहोत, आणि कारखान्यांवर बोट दाखवतो आहोत.

तेव्हा माझं मागणं एवढंच. येत्या सर्वसाधारण सभेत तो ठराव रद्द करावा. तसा अर्ज मी आजच सेक्रेटरींच्या हातात देतो आहे. मागच्या कोपऱ्यात पाल्यासाठी खड्डा करू, वर्षभरात बागेला खत मिळेल. रात्रीच्या वॉचमनला थंडीत शेकोटी पेटवावी लागू नये म्हणून केबिनमध्ये एक हीटर देऊ. त्याचे पैसे मी देईन, माझ्या नावावर टाका. आणि तरुण मंडळींनी मोबाइलवर 'समीर' हे सरकारी ॲप घ्यावं, जवळच्या केंद्राचा हवेचा आकडा रोज नोटीस बोर्डावर लिहावा. आपलं पासबुक तिथून सुरू होईल. मग मंडळाच्या दारात निवेदन घेऊन जायला मी सगळ्यांच्या पुढे असेन, काठी टेकत का होईना.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाकी बांधली, रंग दोनदा काढला. एवढा एक ठराव बदलायला फार वेळ लागणार नाही. ही समोर पहिल्या रांगेत बसली आहे. घरी गेल्यावर मला विचारेलच, अर्ज दिलास का म्हणून.