भिंत त्यांची, चित्र कुणाचं?
(वरंध येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या मंडळातल्या तिघींनी एका इमारतीच्या भिंतीवर चित्र काढलं. सांगून काढून घेतलं होतं, मजुरीही मिळाली. चित्रातली बाई पुस्तक वाचत होती. महिन्याभरात कुणीतरी पुस्तकावर रंग फासून तिच्या हातात हंडा दिला. खाली नावं मात्र या तिघींचीच राहिली. मी विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "पैसे दिलेत ना? मग चित्र आमचं."

कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं, की हक्क विकले तरी 'ही कृती माझी' असं म्हणण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. तिच्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड किंवा बदल केला, तर ती कोर्टात मनाई आणि भरपाई मागू शकते.

शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनेच दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी करून घेतलं होतं. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं. त्यात ते मोडलं. १९९२ मध्ये सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा निकाल दिला.

तेरा वर्षं! एवढी वाट आपल्याला परवडत नाही. म्हणून काम घेतानाच कागद करा: 'आम्हाला विचारल्याशिवाय बदल नाही.' चित्र पुरं झालं की तारखेसह फोटो काढून ठेवा.

आता या चित्रासाठी पत्र लिहायचं आहे. पुस्तक परत रंगवून मागायचं, की खालची नावं काढायला सांगायची? ते मी नाही, त्या तिघी ठरवतील.